नाव बिडावर वाचायचं : जुने ब्रिटिश बंब ओळखण्याविषयी

माझी फजिती आधी सांगतो, म्हणजे पुढचं शिकवणं कुणाला टोचायचं नाही.

काही वर्षांपूर्वी भाच्याचा फोन आला. तो चिकोडीकडच्या एका साखर कारखान्यात फिटर आहे. "मामा, बगॅसच्या यार्डामागं एक जुना पंप गावलाय. दोन चाकांचा, मागं ओढायचा. साहेब म्हणायलेत ब्रिटिशांचा बंब हाय. तेवढं येऊन बघा की." मी बेळगावच्या उद्यमबागेत उभी हयात काढलेला माणूस. आधी एका फौंड्रीच्या पॅटर्नशॉपमध्ये, मग स्वतःच्या दोन लेथवर. पंपाच्या केसिंग किती कातल्या याचा हिशेब नाही. त्यात मुलगी इंग्लंडात, गिल्डफोर्डजवळ. तिच्याकडे दोन उन्हाळे काढले आणि दर रविवारी जुन्या गाड्यांचा मेळा जिथं असेल तिथं जावयाला घेऊन गेलो. म्हणजे आमच्या पाहुण्यारावळ्यांत या विषयातला शहाणा मीच.

शेडमध्ये पंप उभा होता. लाल रंगाखाली करडा, करड्याखाली आणखी काहीतरी. शेजारच्या खुंटीला पितळी नोझल टांगलेलं आणि त्यावर स्पष्ट अक्षरांत मेरीवेदर, लंडन, म्हणजे बंब करणारी जुनी कंपनी. मी पंपाकडे एकदा बघितलं, नोझलकडे दोनदा बघितलं आणि "मेरीवेदर!" म्हणून मोकळा झालो. साहेबांनी खडूनं भिंतीवर लिहून घेतलं. चहा आला. चहा अर्धा झाला तोवर एक हेल्पर रॉकेलचा बोळा घेऊन इंजिनाची बाजू पुसत होता, तो म्हणाला, "सर, हितं काय तर दुसरंच लिवलंय री." काजळी निघाली आणि कास्टिंगवरची उठावाची अक्षरं वर आली : कोव्हेंट्री क्लायमॅक्स, म्हणजे दुसरीच ब्रिटिश कंपनी. भिंतीवरचा खडू भाच्यानंच पुसला. माझ्याकडे न बघता पुसला, हे त्याचे उपकार.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे आणि तो फौंड्रीतल्या माणसाला आधीच सुचायला हवा होता. नोझल, घंटा, दिवा, पाटी हे सगळं स्क्रूनं बसतं आणि स्क्रूनं निघतं. ओतीव अक्षर मात्र लोखंड पातळ असताना साच्यातून येतं. ते वस्तूच्या जन्माबरोबरचं. म्हणून आधी ओतीव अक्षर, मग आटे, मग आकार, आणि पाटी सगळ्यांत शेवटी. रंगाला तर मी विचारतच नाही.

एक गाडी, तीन बाप

बंब म्हटलं की आपण एक गाडी समजतो. खरं तर त्यात तीन वेगळ्या वस्तू असतात : चेसिस, बॉडी आणि पंप. तिन्ही एकाच कारखान्याच्या असतील असं नाही. पुढच्या रेडिएटरवर नाव असतं ते चेसिसवाल्याचं. स्कॉटलंडच्या अल्बियनच्या चेसिसवर लंडनच्या मेरीवेदरचा पंप आणि बॉडी, ही जोडी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पुष्कळ दिसते. पुढून बघणारा तिला अल्बियन म्हणतो, मागून बघणारा मेरीवेदर, आणि दोघंही भांडत बसतात. दोघंही बरोबर असतात.

याला मोठा अपवाद डेनिस. गिल्डफोर्डच्या या दोघा भावांचा धंदा १८९५ मध्ये सायकलींपासून सुरू झाला. त्यांनी पहिला बंब १९०८ मध्ये ब्रॅडफर्ड शहरासाठी केला आणि पुढं बंब म्हणजे डेनिस असं समीकरणच झालं. चेसिस त्यांचीच, बॉडीही पुष्कळदा त्यांचीच. पण इंजिन? सुरुवातीला कोव्हेंट्रीच्या व्हाइट अँड पॉपचं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या एफ मालिकेतल्या एफ-७ आणि एफ-१२ मध्ये चक्क रोल्स-रॉइसचं बी-८०. हे सांगितलं की आमचे मित्र हसतात, बंबाला रोल्स-रॉइस! पण त्यात नवल काही नाही. ते लष्करी गाड्यांसाठी घडवलेल्या मालिकेतलं पेट्रोल इंजिन होतं आणि बंबाला हवी असते तीच ताकद : थंडगार इंजिन सुरू करायचं आणि दुसऱ्या मिनिटाला पूर्ण दाबायचं.

तेव्हा कुणी विचारलं की हा बंब कोणाचा, तर तीन उत्तरं द्यायची तयारी ठेवा.

आमच्या न्हाणीतला बंब आणि त्यांचा

बंब हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा'वरून, म्हणजे पंप. तो अनमोड घाट चढून आला की मुंबईहून, ते भाषावाल्यांनी ठरवावं. आमच्या शहापूरच्या घरात मात्र बंब म्हणजे न्हाणीतला तांब्याचा. मधे नळकांडं, त्यात गोवऱ्या आणि नारळाच्या करवंट्या, भोवती पाणी, वर धुराडं. आजी पहाटे पेटवायची आणि पहिला तांब्या कढत मिळायला अर्धा तास जायचा.

वाफेवरचा ब्रिटिश बंब ओळखायला हेच चित्र डोळ्यांपुढं ठेवा. चार चाकांची घोडागाडी, पुढं उंच बाकडं आणि मागच्या टोकाला उभा बॉयलर, त्यावर चकचकीत धुराडं. आजीच्या बंबात आणि त्याच्यात फरक एवढाच की आत पाणी असलेल्या पुष्कळ बारीक नळ्या आगीत सोडलेल्या असत. आगीला पाणी जास्त जागी भिडतं, म्हणून वाफ झटपट. चांगला बंब दहा मिनिटांच्या आत शंभर पौंडांचा दाब द्यायचा. घोडे पळत असतानाच मागं उभा असलेला माणूस भट्टी पेटवत जायचा.

लंडनमध्ये जॉन ब्रेथवेटनं वाफेचा पहिला बंब १८२९ मध्येच केला होता, पण तो त्या वेळच्या आगवाल्यांना रुचला नाही. खरा जम १८५८ नंतर बसला, शँड मेसन या कंपनीनं घोड्याचा वाफबंब काढल्यावर. १८६३ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये बंबांची मोठी स्पर्धा झाली, तीत मेरीवेदरच्या 'सदरलँड'नं मोठ्या गटात पहिलं बक्षीस घेतलं. पुढची साठ वर्षं या दोन नावांतच झुंज. १९२२ मध्ये मेरीवेदरनं शँड मेसन गिळली आणि झुंज संपली.

दोन्ही वेगळे काढायचे तर सिलिंडर बघायचे. शँड मेसनच्या बहुतेक बंबांत बॉयलरच्या पुढं सिलिंडर उभे असतात : वर वाफेचे, खाली पाण्याचे, मधे दांडे. 'सदरलँड'च्या घराण्यातल्या जुन्या मेरीवेदरमध्ये जोडसिलिंडर आडवे झोपलेले. मेरीवेदरनं नंतर उभेही केले, म्हणून एवढ्यावरच शपथ घेऊ नका. पंपाच्या बिडावरचं किंवा गनमेटलवरचं नाव शोधा.

त्याआधीचे हातबंब ओळखणं फारच सोपं. दोन्ही बाजूंना लांब आडवे दांडे आणि मधे टाकी. एका बाजूला आठ-दहा माणसं, दुसऱ्या बाजूला तेवढीच, आणि सी-सॉसारखं वर-खाली. रस्त्यावरची माणसं पकडून दांड्याला लावत आणि त्यांना पैसे व बिअर देत. हातबंबाबद्दल एवढं पुरे.

मोटारबंब : चाकं, साखळी, बाकडी

मोटारबंबाचं वय काढायला मी पायांपासून सुरुवात करतो. भरीव रबराची चाकं असली तर गाडी १९२० च्या दशकाच्या मध्याच्या अलीकडची नसावी. हवेचे टायर त्यानंतर आले. पण मालकांनी जुन्या गाड्यांना नंतर हवेचे टायर बसवून घेतले, म्हणून उलट अनुमान काढू नका. हवेचा टायर दिसला म्हणजे गाडी नवी, असं होत नाही.

मग वाकून मागचा ॲक्सल बघायचा. दोन्ही चाकांना सायकलीसारखी साखळी जात असेल तर गाडी जुन्या घराण्याची. साखळी नसून मधे गोल फुगीर डबा असेल आणि त्याचं पोट किंवा डोकं जास्तच पुढं आलेलं असेल तर वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर, समजा. डेनिसनं वर्म ड्राइव्ह १९०४ मध्येच आणला होता. बाकीचे साखळ्या खडखडवत होते तेव्हा डेनिसची गाडी गप्प चालायची.

आता बाकडी. जुन्या मोटारबंबावर माणसं गाडीच्या दोन्ही कडांना, पाठीला पाठ लावून, तोंडं रस्त्याकडे करून बसलेली दिसतात. निपाणी-कोल्हापूर वडापच्या कडेला लटकणारी माणसं आठवा, फक्त इथं डोक्यावर पितळी टोप. या बॉडीला ब्रेडवुड बॉडी म्हणतात. जेम्स ब्रेडवुड हा एडिंबरो आणि नंतर लंडनच्या अग्निशमन दलाचा प्रमुख. १८६१ मध्ये लंडनच्या टूली स्ट्रीटच्या आगीत भिंत अंगावर कोसळून गेला. त्यानं मोटार पाहिलीही नव्हती, पण त्याच्या घोडागाडीची रचना मोटारीवर तशीच चढली आणि नाव त्याचं राहिलं. वळणावर माणसं फेकली जात. म्हणून पुढं माणसं आतल्या बाजूला तोंड करून बसतील अशी 'न्यू वर्ल्ड' बॉडी आली, आणि १९३० च्या दशकात दारं-खिडक्यांची बंद बॉडी, तिला लिमोझिन म्हणत. उघडी कड, मग आतली बाकडी, मग बंद डबा : हा क्रम लक्षात ठेवला की फोटोवरूनही दहा-पंधरा वर्षांच्या आत वय सांगता येतं. मात्र छोट्या गावांनी लिमोझिन आल्यावरही स्वस्तात मिळते म्हणून ब्रेडवुडच घेतली. नगरपालिका सगळीकडच्या सारख्याच.

मागच्या बाजूला बैलगाडीसारखी दोन मोठी चाकं हवेत लटकलेली दिसली तर घाबरू नका, ती गाडीची नाहीत. ती शिडीची. 'एस्केप' नावाची ही पन्नास फुटी लाकडी शिडी स्वतःच्या चाकांसह बंबावर चढवलेली असायची. आगीजवळ उतरवायची आणि ढकलत भिंतीला न्यायची. इतकी मोठी चाकं मागं लटकवलेला बंब बघितला की मी डोळे मिटून ब्रिटिश घराणं म्हणतो.

नंबरप्लेटवरूनही वय निघतं, पण गाडी तिकडचीच असेल तर. ब्रिटनमध्ये नंबर १९०४ पासून. एक किंवा दोन अक्षरं आणि चारपर्यंत आकडे ही जुनी पद्धत. तीन अक्षरं आणि तीन आकडे १९३२ नंतर. आकडे आधी आणि अक्षरं नंतर असं १९५३ पासून. शेवटी वर्षाचं अक्षर १९६३ पासून. महायुद्धातल्या सरकारी बंबांना लंडनचे नंबर एकगठ्ठा दिले होते, त्यामुळं जीएक्सएच आणि जीएक्सएम असल्या अक्षरांचे बंब देशभर सापडतात. आपल्याकडं आलेल्या गाडीला मात्र इथला नंबर पडलेला असतो. त्यावर वेळ घालवू नका.

करडा आणि हिरवा

रंगाला विचारत नाही म्हणालो, पण खरवडल्यावर करडा रंग निघाला तर कान टवकारतो. ब्रिटनमध्ये १९३८ मध्ये लढाईच्या तयारीसाठी पूरक अग्निशमन सेवा उभी राहिली. ऑगस्ट १९४१ मध्ये सगळ्या गावोगावच्या ब्रिगेड एकत्र करून राष्ट्रीय अग्निशमन सेवा झाली, ती १९४८ पर्यंत. त्या काळातल्या गाड्या लाल नव्हे, करड्या. पितळ चकाकत नाही, घंटाही रंगवलेली. दोन टनी ऑस्टिन के-२ मागं पंप ओढत नेणारी, तिच्याहून मोठी के-४, फोर्डसन ७-व्ही. लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा टॅक्स्यांनाही हेच दोनचाकी पंप जोडले होते.

आमच्या साखर कारखान्यातला पंप याच जातीचा. कोव्हेंट्री क्लायमॅक्सनं युद्धात असे पंप ढिगानं केले. पुढं १९५० च्या सुमारास सरकारनं अट घातली की पंपाचं वजन निम्मं आणि काम दुप्पट. मग त्यांनी १,०२० सीसीचं ॲल्युमिनियमचं हलकं इंजिन काढलं. ते इतकं हलकं आणि चपळ निघालं की १९५४ पासून त्याची भावंडं रेसच्या गाड्यांत बसू लागली, लोटसमध्ये गेली, आणि हिलमन इम्प या छोट्या कारचं इंजिनही त्याच घराण्यातलं. आगीच्या पंपाचा वंश रेसच्या मैदानात! हे भाच्याला सांगितल्यावर त्यानं आमच्या पंपाला जोरात लाथ मारून बघितली. आमचा पंप मात्र जुना, जड, बिडाचा.

हिरवा रंग असेल तर गोष्ट वेगळी. गर्द हिरवा, नाक नसलेला, चौकोनी बेडफर्ड ट्रक म्हणजे 'ग्रीन गॉडेस'. मुलीनं हे नाव पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आमची बायको म्हणाली, "हिरवी देवी? म्हणजे सौंदत्तीची यल्लम्मा काय गा?" तर ही देवी १९५३ ते १९५६ मध्ये बनली, अणुबॉम्ब पडला तर पाणी मैलोन्‌मैल वाहून न्यायला. म्हणून पंप सिगमंडचा दांडगा, मिनिटाला सुमारे नऊशे गॅलनचा, आणि पाण्याची टाकी मात्र तीन-चारशे गॅलनची. बेडफर्डचं ४.९ लिटरचं पेट्रोल इंजिन. काहींना मागच्याच चाकांना ताकद, बहुतेकांना चारही. लढाईनंतर पुन्हा उभी केलेली पूरक अग्निशमन सेवा या गाड्या चालवायची. ती १९६८ मध्ये बंद झाली तरी गाड्या गोदामात जपून ठेवल्या, आणि अग्निशामकांच्या संपात १९७७-७८ आणि २००२-०३ मध्ये लष्करानं त्या रस्त्यावर आणल्या. जुनी म्हणून काढून टाकलेली वस्तू पुसून ठेवण्यात इंग्रज आपल्याहून सरस.

पंपाकडे नीट बघा

पंप दोन जातींचे. शेतकऱ्याला एका वाक्यात समजतं. विहिरीवरच्या मोनोब्लॉकसारखी, शंखाच्या आकाराची गोल केसिंग असेल तर सेंट्रिफ्युगल. ब्रिटिश कागदांत तिला टर्बाइन पंप लिहितात. उभे सिलिंडर, दांडे आणि वर तांब्याचा भोपळ्यासारखा गोळा असेल तर पिस्टनचा पंप. तो भोपळा म्हणजे हवेची कोठी. पिस्टनचं पाणी हिसक्या-हिसक्यानं येतं, कोठीतली हवा ते हिसके सोसते आणि नोझलमधून धार सरळ सुटते. मेरीवेदरचा तीन सिलिंडरचा 'हॅटफील्ड' हा असल्या पंपांचा राजा. पेट्रोलवर चालणारा, गाडी ओढणारं इंजिन तेच आणि पंपाला ताकदही त्याचीच, असा बंब मेरीवेदरनं १९०४ मध्ये फिंचले गावासाठी केला. तो आज लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे.

शंखाच्या पंपाजवळ आणखी एक छोटं बाळ असतं, ते शोधा. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाण्यातल्या पाइपाच्या तळाची झडप, गळका असला की आपण बादलीनं पाणी ओतून पंप भरतो ना, तेच काम तिथं एक छोटा हवा ओढणारा पंप करतो किंवा सायलेन्सरच्या झोताला जोडलेली नळी करते. पिस्टनच्या पंपाला याची गरज नाही, तो स्वतःच हवा ओढतो. तेव्हा बाळ नसेल तर पंप बदललेला आहे का, असा संशय घ्यावा.

मग कपलिंग. हे बघायला इंग्लंडात जायला नको. बेळगावातल्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या किंवा अपार्टमेंटच्या भिंतीवर लाल पेटी असते, तिच्यात जाड होज गुंडाळलेला. त्याच्या टोकाचं पितळी किंवा ॲल्युमिनियमचं कपलिंग हातात घ्या. आटे नाहीत. ढकललं की दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगच्या जिभा टक्‌कन बसतात. त्याच जिभा ओढल्या की सुटतं. हे अडीच इंची 'इन्स्टंटेनियस' कपलिंग ब्रिटननं १९३६ मध्ये प्रमाण ठरवलं आणि आपण तेच ६३ मिलिमीटर म्हणून आजतागायत चालवतो. त्याआधी तिकडं गावोगाव आट्यांची वेगळी कपलिंग. शेजारच्या गावचा बंब आला तरी होज जुळायचा नाही. म्हणून आट्यांची डिलिव्हरी दिसली तर वस्तू जुनी. जिभांची दिसली तर मात्र लगेच ब्रिटिश म्हणू नका. आयएस ९०३ असा भारतीय मानकाचा शिक्का असला तर ते आपल्याकडंच ओतलेलं आहे, कोण जाणे, उद्यमबागेतलंही असेल.

नावांचाही असाच चकवा. 'लेलँड कॉमेट' वाचून एक गृहस्थ हर्षानं नाचत आले होते. अशोक लेलँडनं कॉमेट मद्रासजवळ एन्नोरलाच बनवली. अशोक लेलँड हे नाव १९५५ पासूनचं. हिंदुस्थान मोटर्सनंही बेडफर्डचे ट्रक इथं जुळवले. म्हणजे नाव इंग्रजी, जन्म इथला. चेसिसवरची पाटी शोधून गाव वाचल्याशिवाय हर्षायचं नाही.

पाना बोलतो

पाटी नाही, अक्षर झिजलं, आकारावरून काही कळेना. अशा वेळी मी पानेपेटी उघडतो. मला यात सगळ्यांत जास्त मजा येते, म्हणून थोडं सावकाश सांगतो.

नटाला १३ चा पाना लावा. चढत नाही. १४ चा लावा. चढतो, पण खुळखुळतो, जोर दिला की कोपरे खातो. आजकालची पोरं इथं नट झिजलाय म्हणतात. नट झिजलेला नाही, पाना परदेशी आहे. १/४ व्हिटवर्थ असं कोरलेला जुना पाना आणून लावा, सुपारी अडकित्त्यात बसावी तसा बसेल. त्याचं तोंड ०.५२५ इंचाचं, म्हणजे १३.३ मिलिमीटर. गंमत अशी की पान्यावर १/४ लिहिलंय ते तोंडाचं माप नव्हे, बोल्टच्या दांड्याचं. म्हणून वर्निअर लावून पान्याचं माप घेणारा नवशिका हमखास गोंधळतो.

मग एक बोल्ट काढा, वायरब्रशनं नव्हे तर रॉकेलनं धुवा, आणि आट्यांत थ्रेड गेज, म्हणजे आटे मोजायची दातेरी पट्टी, बसवा. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये आट्यांचं जे प्रमाण बांधलं, त्याचा कोन ५५ अंश आणि डोकी गोलसर. अमेरिकन आणि मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंश. उजेडाकडे धरा. गेजच्या दातांमधून उजेडाची फट दिसली तर गेज चुकीचं. फट नसली तर घराणं ठरलं. बारीक आट्यांचा बीएसएफ हा व्हिटवर्थचाच धाकटा भाऊ, १९०८ चा, तोही ५५ अंशांचा. नोव्हेंबर १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडानं मिळून एकच ६० अंशांचा युनिफाइड आटा मान्य केला. म्हणजे मूळच्या बोल्टवर युनिफाइड आटे असतील तर गाडी १९५० च्या आधीची असणं अवघड. फोर्डसन इथं चकवते : गाडी इंग्लंडातली, पण तिच्या व्ही-८ इंजिनाचे आटे अमेरिकन वळणाचे.

एकाच बोल्टवर निकाल देऊ नका. ज्या जागी कुणाचा हात जात नाही तिथले चार बोल्ट बघा. पंपाच्या केसिंगचे आतले स्टड उत्तम. रेडिएटरचे आणि मडगार्डचे बोल्ट शंभर वेळा बदललेले असतात.

साखर कारखान्यातल्या पंपाचे आम्ही सहा स्टड बघितले. सहाही बीएसएफ. एक सातवा होता, मेट्रिक, त्यावर गेल्या दहा वर्षांतल्या कुणाच्या तरी वेल्डिंगचा थेंब. भाचा म्हणाला, "तो माझाच हाय."

फोटो पाठवणार असाल तर

मला व्हॉट्सॲपवर फोटो येतात ते नेहमी एकाच कोनातले : समोरून, मधे पोरगा उभा, हात बॉनेटवर. त्यातून फक्त पोरगा कळतो. समोरचा एक चालेल, पण त्याखेरीज मागून एक, पंपाच्या दोन्ही बाजूंचे, चाकाच्या मधल्या टोपीचा जवळून, मागच्या ॲक्सलचा जमिनीला टेकून, आणि दाब दाखवणाऱ्या तबकड्यांचे. तबकडीवर गॅलन आणि पौंड लिहिलेलं असतं. टायरच्या दाबाची पाटी असेल तर टायरच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये वाय आहे की आय, तेही बघून घ्या. वाय असेल तर ब्रिटिश, आय असेल तर अमेरिकन. मापासाठी शेजारी काडेपेटी ठेवा. हाताचा पंजा नको, पंजे सगळ्यांचे वेगळे.

अक्षरं झिजलेली असतील तर घासू नका, ग्राइंडर तर नकोच. रॉकेलनं पुसून कोरडं झालं की त्यावर चिमूटभर तांदळाचं पीठ फिरवायचं आणि हलकेच फुंकायचं. पीठ खोलगट भागात राहतं आणि उठावाचं अक्षर काळं दिसतं. तेवढ्यानं भागलं नाही तर पातळ कागद धरून वर पेन्सिल आडवी घासायची, लहानपणी नाण्यावर घासायचो तशी. माझ्या वहीत असे कागद बरेच चिकटवलेले आहेत. साखर कारखान्याचा पहिला आहे, त्याच्या कोपऱ्यात चहाचा डाग.

गेल्या महिन्यात खानापूरहून एक फोटो आला. उभा बॉयलर, धुराडं, चार लोखंडी चाकं, खाली लिहिलेलं, "काका, शँड मेसन आहे का?" मी म्हटलं, बॉयलरच्या खालच्या तोटीचा फोटो पाठव आणि तिथली काजळी बोटानं खरवडून बघ. अर्ध्या तासानं त्याचं उत्तर आलं. काजळी निघत नाही, बोटाला चिकटते. डांबर उकळायची गाडी होती.